कोंबड्या, वाकळा आणि नानकटाई : गटाच्या बायकांना काय भाव सांगू?

वाडीवरची
नमस्कार. मी आजरा तालुक्यातल्या एका वाडीवर सासरच्या घरी राहते. ऑफिसचं काम घरूनच चालतं, त्यामुळे गावात माझी ओळख 'कॉम्प्युटरवाली सून'. या ओळखीपायी एक काम गळ्यात पडलंय, इथल्या जाणत्यांची मदत हवी आहे.

आमच्या आळीतल्या बचत गटाला कर्ज मिळतंय. बायकांनी ठरवलंय की तीन गोष्टी विकायच्या : गावठी अंडी, वाकळा (म्हणजे गोधड्या) आणि दिवाळीच्या तोंडावर नानकटाई. तिन्ही कामं त्या जन्मभर करत आल्यात, शिकायला कुठे जायचं नाही. घोडं अडलंय ते प्रस्तावाच्या कागदावर. त्यात 'उत्पादन खर्च' आणि 'विक्री किंमत' असे दोन रकाने आहेत आणि ते भरायचे मी.

शेजारच्या काकूंना विचारलं, एका वाकळेला किती वेळ लागतो? म्हणाल्या, "भांगलणीला धरली की सुगीपतोर हुती." हे रकान्यात कसं लिहायचं? कोंबड्यांना खायला किती लागतं, तर "काय लागतंय, परड्यात हिंडत्यात की." नानकटाईचा तेवढा हिशेब लागतो, कारण मैदा-साखर दुकानातून येते आणि भट्टीवाला किलोवर पैसे घेतो.

भाव कसा काढायचा आणि यातलं खरंच विकण्याजोगं काय, ते सांगा. 'गावाकडचं शुद्ध जीवन' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, इथे कालपासून लाईट नाही.

हिशेबनीस
माल, मजुरी, वाहतूक, वर वीस टक्के. संपलं. वाकळेवर रोज दुपारचे दोन-अडीच तास बसलं तर महिना जातो असं धरा. म्हणजे साठ-सत्तर तास, म्हणजे शेतावरचे आठ-नऊ रोज. बाईचा रोज तीनशे धरला तर नुसती मजुरी अडीच हजारांवर गेली. कापड-दोरा धरून तीन हजार. बाजारात पॉलिस्टरचं गुबगुबीत ब्लँकेट पाच-सहाशेला मिळत असताना गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल? मशीनवर शिवा, मजुरी चौथाईवर येईल. वर आजीचा फोटो छापलेलं लेबल लावा, शहरात खपेल.

माळरान
हिशेबनीस, मशीनवरची वाकळ एकदा ओढ्यावर नेऊन आपटा आणि मग बोला.

मशीनच्या पायाखाली सहा-सात पदर नीट जातच नाहीत. म्हणून मशीनवाले दोन कापडांमध्ये पातळ स्पंज नाहीतर तयार कापूस भरतात, आणि चार धुण्यांत त्याचे गोळे होतात. हाताच्या वाकळेत भर म्हणजे जुन्या साड्यांचे सपाट पदर. खालचं कापड ओसरीवर ताणून अंथरायचं, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा नाहीतर दगड. वर एकेक पदर हाताने सुरकुती काढत लावायचा. कुठे विरलेली जागा आली की तिथे जादा तुकडा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी. मग लांब लांब कच्चा दोरा. पक्का टाका कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत आत सरकतो. शिवणारी वाकळेवरच बसते, तिच्या वजनाने पदर ताणून राहतात. टाका गव्हाच्या दाण्याएवढा पडला की हात चांगला म्हणायचं. माझी आत्या तांदळाएवढा घालायची, पण ती सगळ्यांच्याच हाताला नावं ठेवायची.

आणि तुमच्या साठ तासांत घोळ आहे. ती बाई वाकळ एकटी शिवतच नाही. दुपारची जेवणं उरकली की शेजारणी येतात, चार कडांना चौघी बसतात. उद्या ही त्यांच्यापैकी एकीकडे जाते. हे पैऱ्याचं काम. यातला रोज कोणी कोणाला द्यायचा, तेवढं तुमच्या तक्त्यात बसवून दाखवा.

हिशेबनीस
बसतो की. चार जणींचे तास मोजा आणि चौघींना द्या. पैरा आहे म्हणून श्रम फुकट होत नाहीत.

माळरान
याला मात्र उत्तर नाही माझ्याकडे. पटलं.

चौकसराव
एक भाबडा प्रश्न. आजच्या बायका सुती लुगडी नेसतातच कुठे? भर कशाची घालणार? आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची पद्धत आहे. भादव्याच्या शेवटी नदीवर बघा, निम्म्या गोधड्या चकचकीत सिंथेटिक साड्यांच्या. रंग छान दिसतात, पण उन्हाळ्यात त्या अंगावर घेऊन झोपायची माझी हिंमत नाही.

वाडीवरची
हो, आमच्याकडेही तेच. पण गंमत अशी की म्हाताऱ्या बायकांनाच सिंथेटिक आवडते. सुती वाकळ भिजली की दोघींना उचलत नाही, आणि आजऱ्याच्या पावसात आठ-आठ दिवस वाळत नाही, कुबट वास मारते. सिंथेटिक चुलीवरच्या दांडीवर रात्रीत वाळते. काकूंचं मत : खालीवर सुती, मध्ये सिंथेटिक. अंगाला सूत लागतं आणि वजन निम्मं. फक्त मधले पदर घसरतात, म्हणून टाका जवळ घालावा लागतो. म्हणजे वेळ पुन्हा वाढला, हिशेबनीस.

जनावरांचा_डॉक्टर
पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो, म्हणून कोंबड्यांपुरतं लिहितो.

'परड्यात हिंडतात, खर्च नाही' हे निम्मं खरं. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे कोंबडी हिंडणार कुठे? घरचीच कणी, मक्याची भरड, उष्टंखरकटं जातं. आणि गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तीही तीन-चार पाळ्यांत. पंधरा-वीस अंडी झाली की खुडूक होते, मग उबवणं, मग पिल्लं सांभाळणं, तोवर अंडी बंद. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात देते. तेव्हा गावठी अंड्याला दुप्पट भाव मागताना कोणी लाजू नये.

खरा खर्च मरतुकीचा. मानमोडी (राणीखेत रोग) शिरली की आठवड्यात आळीतली खुराडी रिकामी. पक्षी हिरवट हगतो, पंख पाडून बसतो, मान पिळवटते. एकदा लागल्यावर औषध नाही, आधी लस द्यायची. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा, डोळ्यात एक थेंब. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचून घ्यायची. लस महाग नाही. अडतं ते कुपीपाशी. एका कुपीत शंभर-दोनशे पक्ष्यांचे डोस असतात, एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवायची आणि तोवर बर्फात ठेवायची. आठ कोंबड्यांसाठी एकटी बाई तालुक्याहून बर्फ घेऊन येणार आहे का? इथे गट कामाला येतो. एक दिवस ठरवा, पहाटे कोंबड्या सोडायच्या आधी घरोघर फिरून आळीतल्या सगळ्यांना एकदम द्या. कर्ज घ्यायचंच असेल तर त्यातून आधी चांगली बर्फाची पेटी घ्या.

कोल्हापूरला सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे. तिथल्या सुधारित जातींच्या पिल्लांची चौकशी करा. गिरिराज, वनराज गावठीपेक्षा अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक होत नाहीत. पुढची पिल्लं काढायला गावठी हवीच. शिवाय या सुधारित जाती अंगाने जड, घार आली की पळता येत नाही.

वाडीवरची
डॉक्टर, फार उपयोगी. लशीचं आजच गटात सांगते. एक विचारते : खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवायचं नसेल तर इथे तिच्या नाकात पीस अडकवतात नाहीतर पाण्यात बुचकळून काढतात. मला बघवत नाही. दुसरा उपाय?

जनावरांचा_डॉक्टर
दोन्ही नको. ओल्याने आजारी पडते, पिसाने नाकात जखम होते. जाळीचा पिंजरा नाहीतर विरळ विणीचं डालगं घ्या, त्याला खालूनही जाळी हवी. चार विटांवर उचलून ठेवा आणि तिला त्यात कोंडा. दाणापाणी आत द्या, बसायला भुस्सा मात्र देऊ नका. पोटाखालून वारं लागलं की तीन-चार दिवसांत खूळ उतरतं. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा अंड्यावर येते.

बसवायचीच असेल तर दहा-बारा अंडी, आठवड्याच्या आतली, न धुतलेली. फ्रीजमधली नको. सातव्या-आठव्या रात्री मोबाईलचा टॉर्च लावून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, आरपार उजेड गेला तर काढा. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं आतून टोचा मारतात.

घारीचा_डोळा
आमची आजी अंड्यांखाली लोखंडाचा खिळा ठेवते. वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. हे खरं का हो डॉक्टर?

जनावरांचा_डॉक्टर
खिळ्याने अंडी बिघडत नाहीत, एवढं खात्रीने सांगतो. टोक तेवढं खाली करून ठेवा. आजीशी वाद नको.

घारीचा_डोळा
:) ठीक. माझ्या नावाला जागून एक भर घालतो. घार दिवसा नेते, ती दिसते तरी. मुंगूस आणि रानमांजर न दिसता येतात आणि एका फेरीत खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या मारून जातात, खातात एखादीच. खुराड्याचं दार खालून दोन बोटं जरी उघडं राहिलं तरी मुंगूस आत शिरतं. खाली फरशी किंवा जाळी, दाराला आतून पत्रा. आणि कळपात एक तरणा कोंबडा ठेवाच. घारीची सावली दिसली की त्याचा आवाज बदलतो, पिल्लं क्षणात आईच्या पंखाखाली.

जिजीची_नात
सगळे भाव काढताय, पण पैसा कोणाच्या हातात जातो याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

आमच्या घरी उसाचं बिल कारखान्याकडून आजोबांच्या खात्यावर यायचं. दुधाचं दहा दिवसांचं बिल डेअरीतून, तेही आजोबांच्याच नावावर, जरी धार जिजी काढायची. अंड्यांचे पैसे मात्र जिजीचे. दारावर माणूस यायचा, रोख द्यायचा, ती ते ज्वारीच्या कणगीत ठेवायची. त्यातून माझ्या आईचं बाळंतपण निघालं, मावशीला न विचारता पाठवलेली साडी निघाली, पंढरीला जायची गाडी निघाली. घरात कोणी कधी हिशेब मागितला नाही, कारण 'अंड्याचे चार पैसे' कोणाच्या खिजगणतीत नव्हते. तिच्या दृष्टीने तीच त्यांची किंमत होती.

आता तुम्ही तीच अंडी गटाच्या नावावर, पावती फाडून, बँकेतून फिरवणार. रक्कम पासबुकात दिसली की त्याच संध्याकाळी घरात प्रश्न येतो : "किती झाले ग?" मग खताची उधारी निघते, मोटरसायकलचा हप्ता निघतो. अंडी गटात घालायच्या आधी बायकांना एकांतात विचारा. सभेत विचारू नका, सभेत कोणी खरं बोलणार नाही.

हिशेबनीस
भावना कळल्या, पण कणगीत पैसे लपवायला लागणं यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे? खातं तिच्या नावावर, पासबुक तिच्याकडे, कर्जफेड वेळेवर, उद्या मोठं कर्ज तिच्या सहीवर. बचत गटांची चळवळ उभी राहिली ती याचसाठी. लपवलेला पैसा वाढत नाही.

जिजीची_नात
अभिमान कोण सांगतंय? मी सोय सांगतेय. सही तिची, पण बँकेत घेऊन जाणारा कोण? आमच्या गावात तरी मागे बसवून नेणाराच शेवटी पैसे मोजून घेतो. सगळीकडे असंच असेल असा दावा नाही.

माळरान
दोघंही बरोबर आहेत आणि हे भांडण इथे मिटणार नाही. वाडीवरची, तुम्ही अंडी तूर्त बाजूला ठेवा. लशीसाठी गट, विक्री ज्याची त्याची. गटाचा फायदा मरतूक थांबण्यात आहे.

तवसळी
सगळे नानकटाईला विसरले, म्हणून तळकोकणातून हजेरी.

आधी एक वाकडा प्रश्न. नानकटाई प्रत्येक बेकरीत मिळते, मग धोंडस का नाही करत? तवसं (मोठी काकडी) किसून, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालून जाड बुडाच्या टोपात ओतायचं, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. आमच्या घरांत ओव्हन यायच्या कितीतरी आधीपासूनचं भाजकाम आहे हे. वरून खरपूस, आत ओलसर. गोव्यातलं बिबिंकही असंच वरच्या निखाऱ्यांवर, एकेक थर भाजत करायचे.

उत्तर मलाच माहीत आहे म्हणा. धोंडस दोन दिवसांत उतरतं. नानकटाईत पाण्याचा थेंब नसतो, डबा घट्ट असेल तर महिनाभर टिकते. विकायला तीच बरी.

प्रमाण घरोघर वेगळं. मैदा एक किलो, तूप आणि पिठीसाखर प्रत्येकी अर्धा ते पाऊण किलो, वेलची, चिमूट मीठ, थोडा खायचा सोडा. तूप थिजलेलं घ्या आणि साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसा. हातानेच, परातीत. पातळ तुपाची नानकटाई पत्र्यावर पसरते आणि पापडी होते. आधी दोन-तीनच नग भाजून बघायचे. पसरले तर मूठभर मैदा, भेगाळून फुटले तर चमचाभर तूप.

भट्टीची वेळ महत्त्वाची. पाव निघाल्यावर भट्टी उतरायला लागते, तेव्हा नानकटाई आत गेली पाहिजे. भर तापात गेली तर बूड करपतं आणि पोट कच्चं राहतं. भट्टीवाल्याला हे सांगावं लागत नाही. पण दिवाळीच्या आठवड्यात गर्दी इतकी की तो सगळ्यांचं एकदम उरकतो, म्हणून आठवडाभर आधीचा दिवस धरा. आमच्या लहानपणी बायका पत्र्यांवर आपापली खूण करायच्या, कुणाची चारोळी, कुणाचा अंगठ्याचा ठसा, कुणाच्या सुरीच्या दोन रेघा. तरी घरी आल्यावर "ही आपली नव्हं" व्हायचंच.

चौकसराव
+१ चारोळीला. आमच्याकडे अंगठा.

केकबद्दल विचारू का? घरच्या कोंबड्यांच्या अंड्यांचा रवा केक करायला घेतला की दडस होतो. बाजारच्या अंड्यांचा हलका होतो. बायको म्हणते गावठी अंड्याला ताकद जास्त म्हणून. ;)

तवसळी
ताकद नाही, वजन. पाककृतीतलं 'एक अंडं' म्हणजे टरफल काढून साधारण ५० ग्रॅम. गावठी अंडं टरफलासकट ४० ग्रॅमच्या आसपास भरतं. तीन सांगितली असतील तर चार घ्या, किंवा सरळ वजनावर फोडा. आणि कुकरमध्ये करत असाल तर रिंग आणि शिट्टी काढून, तळाला मीठ किंवा वाळू घालून दहा मिनिटं आधी तापवा. थंड कुकरात ठेवलेला केक फुगायच्या आधीच बसतो.

हिशेबनीस
खाण्याच्या पदार्थाचं एक राहिलं. विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची नोंदणी हवी. घरगुती छोट्या उद्योगाला पूर्ण परवाना लागत नाही, साध्या नोंदणीवर भागतं. फी नाममात्र, अर्ज ऑनलाईन. डब्यावर बनवल्याची तारीख, घटक, नोंदणी क्रमांक. हे काम मात्र कॉम्प्युटरवाल्या सुनेचंच.

आणि भट्टीवर सगळा धंदा टांगू नका. मुंबईत लाकूड-कोळशाच्या भट्ट्या गॅस किंवा विजेवर न्यायचा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. तो आजऱ्याला लागू नाही. पण भट्टीवाल्याच्या पोराला बेकरी पुढे चालवायची आहे का, हे कर्ज घ्यायच्या आधी विचारून घ्या.

वाडीवरची
विचारलं. पोरगा पुण्याला डिलिव्हरीचं काम करतो. म्हणजे बापाचे हातपाय चालतील तोवर.

पेनसिल्वेनियाची_पोळी
लँकेस्टर काउंटीजवळ राहते, म्हणून या धाग्यावर राहवलं नाही. इथे आमिश लोकांच्या शेतांवर हेच तीन धंदे रस्त्याकडेला एका पाटीवर लिहिलेले दिसतात : अंडी, क्विल्ट, घरी भाजलेले पदार्थ. पाटीवर शेवटी 'रविवारी विक्री नाही'. त्यांच्या क्विल्टची किंमत डॉलरात शेकड्यांनी, मोठ्या पलंगाची असेल तर हजारावरही जाते, आणि लोक घासाघीस न करता देतात. पण एक फरक लक्षात घ्या. वरचा थर ते नव्या कापडाचे तुकडे मापात कापून जोडतात, मध्ये विकतची तयार गादी, आणि सगळं लाकडी चौकटीवर ताणून बायका भोवती बसून टाके घालतात. विकायचीच म्हणून बनवलेली वस्तू असते ती. आपली वाकळ घरातली जुनी वस्त्रं संपवायला होते. विकत घेणाऱ्याला दुसऱ्याच्या आजीचं लुगडं पांघरायला आवडेल का, हा प्रश्न मला पडतो.

जाता जाता : माझ्या टाउनशिपमध्ये कोंबड्या पाळायला परवानगी आहे, कोंबड्याला नाही, आरवतो म्हणून. त्यामुळे पिल्लं दरवर्षी विकत.

बेळगावकरीण
वरच्या शेवटच्या प्रश्नावरून सुचलं. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी (मूळच्या आफ्रिकन वंशाच्या) समाजातल्या बायका कवंद शिवतात. आपल्यासारखंच जुनं कापड, पण वर रंगीत तुकड्यांची ठिगळं बसवत जातात आणि कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची 'फुलं' लावतात. फुलांशिवाय कवंद पुरी झाली असं त्या मानत नाहीत. त्यांच्या कवंदी आता देशाबाहेरच्या प्रदर्शनांतही गेल्यात.

तर मुद्दा : तुम्ही वाकळ विकूच नका, शिवणावळ विका. साड्या गिऱ्हाइकाच्या, टाका तुमचा. माझ्याकडे आईच्या इरकली साड्यांचं गाठोडं पडून आहे. नेसवत नाहीत, टाकवत नाहीत. मी शिवणावळीचे तीन हजार आनंदाने देईन. माझ्यासारख्या शहरात पुष्कळ निघतील.

हिशेबनीस
हे उत्तम. मालाचा खर्च शून्य, पडून राहायची भीती शून्य, आणि भाव मजुरीवरच ठरतो. मशीनची सूचना मागे. 'उमेद'च्या (बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या) ताईंशीही बोला, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात नमुन्याची एक वाकळ टांगून फक्त ऑर्डरी घेता येतील.

माळरान
नमुन्याची वाकळ सिंथेटिकची टांगू नका म्हणजे झालं.

एक राहिलं. आमच्याकडे शेवटचा चौकोन बंद करायच्या आधी आत पोळीचा नाहीतर भाकरीचा तुकडा ठेवायच्या. वाकळ उपाशी राहू नये, पांघरणाराही राहू नये. तुमच्याकडे आहे का हे?

वाडीवरची
काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हतं पूर्वी. मग उंदरं लागायची. आता हळदकुकू लावतो."

तर मंडळी, काल गटाची बैठक झाली. त्याआधी जिजीच्या नातीचं ऐकून मी एकेकीला परड्यात, पाणवठ्यावर गाठून विचारलं. अंड्यांवर सगळ्यांचं एकमत निघालं आणि बैठकीत ते कोणीच बोललं नाही. एकजण नुसती म्हणाली, "अंड्याचं ऱ्हाऊ द्या, त्याला पावसात वाहतूक परवडायची न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रस्तावातून अंडी गेली, बर्फाची पेटी आली. लशीचा दिवस ठरलाय आणि ज्या गटात नाहीत त्यांच्याही कोंबड्यांना लस द्यायची.

नानकटाई या दिवाळीला ठरलेल्या गिऱ्हाइकांपुरतीच, भट्टीवाल्याने आठवड्याआधीचा दिवस दिलाय. नोंदणीचा अर्ज भरला.

वाकळेवर मात्र खडाजंगी झाली. तीन हजार म्हटल्यावर दोघी-तिघी हसायलाच लागल्या, एवढे कोण देतंय म्हणून. काकू हसल्या नाहीत. त्यांनी बोटांवर मोजलं, कोण कोण कुठल्या कडेला बसणार, कोणाचा टाका कसा, आणि म्हणाल्या, चौघींत वाटले तर एकीला साडेसातशे, खुरपायला गेलं तर अडीच दिवसात तेवढं मिळतंय, मग वाकळ महिनाभर का शिवायची? त्यामुळे रकान्यात आता साडेतीन हजार आहे, पावसाळी दुपारींचं काम म्हणून. सुगीत कोणी सुईला हात लावणार नाही, हेही प्रस्तावात लिहायला लावलंय. बँकेच्या साहेबांना हा 'उत्पादन कालावधी' कळेल अशी आशा.

बेळगावकरीण, तुमची पहिली ऑर्डर धरू का?

बेळगावकरीण
धरा. साडेतीन चालतील. किती साड्या पाठवू आणि कशा?

वाडीवरची
सात बाय पाच फुटांच्या वाकळेत सहावारी साडीचे दोन पदर निघतात, म्हणजे चार पुरे. नऊवारी असेल तर तीन. फॉल-पिको उसवून, धुऊन, खळ न घालता पाठवा. जरीचे काठ असतील तर कापून वेगळे ठेवा, जर टोचते आणि सुई मोडते. सगळ्यात चांगली साडी कोणती वर हवी ते चिठ्ठीवर लिहा, नाहीतर काकू त्यांना आवडलेली वर घालतील. आणि जुने ब्लाउजपीस असतील तर तेही टाका पार्सलमध्ये, कोपऱ्यांना लागतात.